सामायिक कार्यशाळेत यंत्रं शिकवायला व्हिडिओ कसे करावेत: वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याचा अनुभव

आषाढ लागला की आमच्या गाळ्यात लेझर कटरपुढे रांग लागते. कारण एकच, गणपतीचं मखर. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून एमडीएफचं आणि पुठ्ठ्याचं मखर कापायला आमच्याकडे दरवर्षी नवे चेहरे येतात, आणि लेझर एकच आहे. यंत्राला हात लावण्याआधी शिकून घ्यायचं, हा नियम. म्हणजे दर शनिवारी मी तीच पोथी वाचायचो: आधी एक्झॉस्ट (धूर बाहेर ओढणारा पंखा), मग चिलर (लेझरला थंड पाणी देणारं यंत्र), मग हवेचा पंप, मग फोकस. पाचव्या शनिवारी पोथीतली एक ओळ गळली. ‘सनबोर्ड कापायचा नाही’ हे सांगायचं राहिलं, आणि त्याच दुपारी एकाने सनबोर्डच आत सरकवला.

सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. त्यावर लेझर पडला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलाव्यात मिसळला की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, आणि जुलैतल्या ठाण्यात ओलाव्याला तोटा नाही. सगळ्यांचे घसे धरले, शटर वर करून आम्ही बाहेर पळालो. कुणाला काही झालं नाही, पण दोन दिवसांत यंत्राच्या रुळांवर गंजाची पुटं दिसायला लागली. त्या सभासदाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. चार शनिवार तेच तेच बोलून मीच कंटाळलो होतो.

त्या पावसाळ्यात आम्ही व्हिडिओ करायला घेतले. आमचा कुणाचाच चित्रीकरणाशी संबंध नव्हता. दोन मोबाईल, एक ट्रायपॉड आणि एक कॉलर माइक एवढ्यावर काम झालं. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पक्की होती: व्हिडिओ पाहिला म्हणून यंत्र चालवायची परवानगी कुणालाही मिळणार नाही. व्हिडिओने माझं बोलणं वाचवायचं, आणि तो वाचलेला वेळ मी समोरच्याचे हात बघण्यात घालवायचा. पूर्वी दीड तासातला सव्वा तास मी बोलायचो आणि शेवटी घाईघाईने एक तुकडा कापून दाखवायचो. आता प्रत्यक्ष शिकवणी पाऊण तासाची असते, आणि त्यात यंत्रावर हात शिकणाऱ्याचे असतात.

आधी वही, मग कॅमेरा

पहिले दोन आठवडे काहीही चित्रित करू नका. प्रत्येक यंत्राशेजारी दोरीला बांधून एक वही आणि पेन ठेवा. शिकवणाऱ्याने स्वतःला जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते त्यात लिहायचं, शिकणाऱ्याने विचारलेला प्रत्येक प्रश्नही लिहायचा. प्रश्न बाळबोध वाटला तरी लिहायचा. आमच्या ड्रिल मशीनच्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता, ‘बिट घट्ट झाला हे कळायचं कसं?’ माझ्या डोक्यातल्या अभ्यासक्रमात तो नव्हताच.

दोन आठवड्यांनी वही घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा. हालचाल असेल तर व्हिडिओ. आकडा असेल तर पाटी. हाताला कळण्यासारखं असेल तर प्रत्यक्ष शिकवणी.

ही वाटणी महत्त्वाची आहे. उदाहरणार्थ, साध्या हाय स्पीड स्टीलच्या ८ मिमी बिटने मऊ पोलादात भोक पाडायचं तर मिनिटाला सुमारे १००० फेरे ठीक, ५ मिमीला १६०० च्या आसपास. हे आकडे व्हिडिओत सांगितले तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहणार? ते यंत्राच्या डोक्यावर तक्त्यात हवेत. पण फेरे बदलायला पट्टा एका पुलीवरून दुसरीवर कसा न्यायचा, हे तक्त्यात लिहून कुणालाही समजणार नाही, ते दाखवलं की वीस सेकंदांत समजतं. आणि भोक आरपार होण्याच्या क्षणी बिट कसा ओढ घेतो, तेव्हा हँडलवरचा दाब कसा सैल करायचा, हे फक्त हँडल हातात असताना कळतं.

‘यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, त्यातलाच एखादा पाठवा की,’ असं आमच्या बैठकीतही कुणीतरी म्हणालं. लाकडाचे सांधे शिकायला ते उत्तम. पण त्यातल्या यंत्राचं लाल बटण उजवीकडे असतं आणि आपल्याकडे ते डावीकडे, गुडघ्याजवळ असतं. घाबरलेला माणूस पाहिलेल्या जागीच हात मारतो. हवामानाचंही तसंच. कोरड्या देशातला माणूस चिलरचं पाणी खुशाल थंड ठेवायला सांगतो. इथे पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर २७ अंशांच्या आसपासच दव धरायला लागतं. चिलर २० वर ठेवलात तर लेझरच्या ट्यूबला बाहेरून घाम फुटतो, आणि त्या ट्यूबच्या टोकाला हजारो व्होल्ट असतात.

पहिलं यंत्र कोणतं?

सर्वांत धोक्याचं यंत्र आधी घ्यावंसं वाटतं. तसं करू नका. सर्वांत जास्त वेळा शिकवावं लागतं ते आधी घ्या. पहिले तीन-चार व्हिडिओ वाईटच होणार आहेत, ते टेबल सॉचे, म्हणजे टेबलातून वर आलेल्या फिरत्या करवतीचे, नसलेले बरे. आम्ही लेझरपासून सुरुवात केली, मग ड्रिल, मग हातातला ग्राइंडर, मग लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापायचं यंत्र), आणि टेबल सॉ शेवटी.

एका व्हिडिओत एकच काम. आमचा पहिला प्रयत्न ‘लेझर कटरची संपूर्ण ओळख’ असा सव्वीस मिनिटांचा होता. तो पूर्ण पाहिलेला एकही माणूस मला भेटलेला नाही. त्याचे आता सहा तुकडे आहेत: सुरू करण्याचा क्रम, काय कापायचं आणि काय नाही, फोकस लावणं, कापण्याआधी लेझरचं डोकं न कापता कडेकडेने फिरवून हद्द बघणं, आग लागली तर काय करायचं, आणि बंद करून साफ करणं. कोणताही तुकडा तीन मिनिटांच्या वर नाही. आगीचा तर फक्त पन्नास सेकंदांचा आहे, कारण तेव्हा करायच्या गोष्टीच चार: लाल बटण दाबायचं, एक्झॉस्ट बंद करायचा, झाकण बंदच ठेवायचं, ज्वाळ विझली नाही तर शेजारचा आग विझवायचा सीओटू सिलिंडर वापरायचा.

‘काय कापायचं नाही’ हा तुकडा आम्ही वस्तू हातात धरून केला. सनबोर्ड, रेक्झिन, फ्लेक्सच्या बॅनरचा तुकडा: तिन्हींत पीव्हीसी. नुसतं ‘पीव्हीसी कापू नका’ म्हटलं की लोक मान डोलावतात आणि पिशवीतून सनबोर्ड काढतात. त्यातच तांब्याच्या तारेची परीक्षाही दाखवली आहे. चिमट्यात धरलेली तार ज्योतीवर लाल करायची, संशयित प्लॅस्टिकला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे आमच्या यंत्रात जागा नाही. ही परीक्षा उघड्यावर, शटरच्या बाहेर करायची.

जाणकाराला पाठांतर करायला लावू नका

आमच्याकडे लेथ शिकवतात ते काका निवृत्त टर्नर आहेत. त्यांच्यासाठी मी दोन पानं लिहून नेली. कॅमेरा सुरू झाला आणि आयुष्यभर लोखंडाशी खेळलेला माणूस शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत उभा राहिल्यासारखा बोलायला लागला, ‘सदर यंत्राचे चार मुख्य भाग आहेत...’ तीन वेळा घेतलं, तिन्ही वेळा फेकून दिलं.

मग कागद खिशात घातला. काकांना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखा जॉब (कापायचा तुकडा) चकात (तो पकडणाऱ्या फिरत्या जबड्यात) बांधा, बाकी काही करू नका. शेजारी एका नवख्या मुलीला उभं केलं आणि तिला सांगितलं, कळलं नाही तिथे विचार.

‘काका, चावी लगेच का काढली?’

‘चकात चावी राहिली आणि मशीन चालू झालं, तर ती कुणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही. चावी आणि हात एकत्र सुटले पाहिजेत. हात चकावरून निघाला की बघायचं, चावी हातात आहे ना? आहे. मग ठेव तिच्या जागेवर.’

हे मी सात जन्मांत लिहिलं नसतं. तेव्हापासून आमची पद्धत ठरली आहे: जाणकार काम करतो, नवखा विचारतो, तिसरा कॅमेरा धरतो. तिसऱ्याच्या हातात मुद्द्यांचा कागद असतो आणि एखादा मुद्दा राहिला तर तो फक्त नवख्याच्या कानात सांगतो. भाषा कामाचीच ठेवा. लोक ‘चक’, ‘जॉब’, ‘कीस’, ‘फीड’ म्हणतात, तेच शब्द राहू देत. त्यांना ‘धारक’ आणि ‘कार्यवस्तू’ करून कुणाचंच भलं होत नाही.

चित्रीकरण

शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस चालू असेल तर तुमचा आवाज विसरा. शेजाऱ्यांच्या सुट्टीचा दिवस धरा, तोही सकाळचा. तरीही यंत्र चालू असताना बोलू नका. कापणं चित्रित करून घ्या, सांगणं नंतर त्यावर चढवा. यंत्राचा मूळ आवाज मात्र मध्ये दहा-बारा सेकंद मोकळा सोडा. बोथट बिटची किंकाळी आणि धारदार बिटचा सूर यातला फरक कानाला कळणं हेही शिक्षणच आहे.

कॅमेरा यंत्र चालवणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागून, थोडा वर. समोरून घेतलेल्या व्हिडिओत डावं-उजवं उलटतं आणि शिकणारा मनातल्या मनात ते फिरवत बसतो. दुसरा मोबाईल हातांच्या जवळ, पण ट्रायपॉडवर. फिरणाऱ्या यंत्राजवळ कुणीही मोबाईल हातात धरून वाकायचं नाही. गळ्यात दोरी, आयकार्ड, ओढणी, लांब बाही काही नको. लेथवर आणि ड्रिलवर हातमोजेही नकोत, मोजा अडकला की हात पाठोपाठ जातो. व्हिडिओत दाखवलं तेच लोक करतात, त्यामुळे ‘फक्त शूटिंगपुरतं’ गॉगल काढणंही बंद.

सर्वांत मोठा मोह गार्डचा. टेबल सॉचं गार्ड पातं झाकतं, मग चित्र नीट येत नाही, मग कुणीतरी म्हणतं, एका शॉटपुरतं काढू या. काढायचं असेल तर प्लग काढून, पातं थांबलेलं असताना काढा, भाग दाखवा, परत लावा, आणि मगच चालू यंत्राचा शॉट घ्या. दहा इंची पातं मिनिटाला २८८० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे ३८ मीटर असतो, म्हणजे ताशी १३८ किलोमीटर. किकबॅकने लाकूड मागे फेकलं जातं तेव्हा बाजूला सरायला वेळ मिळत नाही. म्हणूनच पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, शिकणाऱ्याने नाही आणि कॅमेऱ्यानेही नाही.

लेझरच्या बाबतीत झाकण उघडं ठेवून, इंटरलॉकला (झाकण उघडलं की लेझर बंद करणाऱ्या कळीला) चकवून चित्रित करायचा विचारही नको. आमच्यासारख्या सीओटू लेझरची किरणं १०.६ मायक्रॉन तरंगलांबीची असतात आणि झाकणाची अ‍ॅक्रिलिकची खिडकी ती अडवते, तेव्हा बाहेरून घ्या. फायबर लेझरला हे लागू नाही, त्याची १.०६ मायक्रॉनची किरणं साध्या अ‍ॅक्रिलिकमधून आरपार येतात.

आता कॅमेऱ्याच्या शटरची गोष्ट. ही आम्हाला चुकून कळली आणि माझ्या मते या सगळ्या लेखातली सर्वांत कामाची आहे. काकांचा पहिला लेथ व्हिडिओ भर उजेडात, दाराशी घेतला होता. घरी लावून पाहिला तर चक हळूहळू, चक्क उलटा फिरत होता. माझ्या पुतण्याने विचारलं, ‘काका, एवढं हळू फिरतंय तर हाताने थांबवता येईल ना?’

लेथ फिरत होता मिनिटाला सुमारे १४४० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला २४. मोबाईल घेत होता सेकंदाला २५ चित्रं. दर दोन चित्रांमध्ये चक जवळजवळ एक पूर्ण फेरा मारायचा, थोडासा कमी. डोळ्याला तो थोडा कमीपणाच दिसतो, आणि वाटतं की चक सेकंदाला एक फेरा उलटा घेतोय. भर उजेडात मोबाईल शटर अगदी थोडा वेळ उघडतो, म्हणून प्रत्येक चित्र लख्ख येतं आणि भास पक्का होतो. शिकणाऱ्याला हे दाखवणं म्हणजे त्याला खोटं सांगणं.

उपाय फुकट आहे. कॅमेऱ्याच्या प्रो किंवा मॅन्युअल सेटिंगमध्ये सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० सेकंद ठेवा. १/५० सेकंदात असा चक जवळजवळ अर्धा फेरा फिरतो, त्यामुळे तो धूसर, भुरकट दिसतो, म्हणजे प्रत्यक्षात दिसतो तसाच. फार उजेड असेल तर दाराकडे पाठ करा किंवा गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढा. यात दुसराही फायदा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० ला त्याचे पट्टे चित्रात येत नाहीत. सेकंदाला ३० चित्रं आणि आपोआप शटर, हे मोबाईलचं मूळ सेटिंग असतं, ते पहिल्यांदा बदला.

जोडकाम

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मोबाईलवरचं कोणतंही साधं अ‍ॅप पुरतं. संगीत घालू नका. सुरुवातीचं फिरतं नाव, बोधचिन्ह काही नको, पहिल्याच सेकंदाला यंत्र दिसू द्या. मराठी अक्षरं खाली हवीतच, कारण गाळ्यात कुणालाच ऐकू येत नाही. आमचे निम्मे सभासद हिंदीत अधिक मोकळे आहेत, म्हणून चित्र तेच ठेवून दुसरा आवाज हिंदीत चढवला. १०८० पी पुष्कळ झालं.

चुका मात्र दाखवा. क्लॅम्प न लावलेला पत्रा ड्रिलखाली कसा गरगर फिरतो हे आम्ही मुद्दाम केलं, पण पत्र्याऐवजी जाड पुठ्ठा लावून आणि हात लांब ठेवून. त्या सात सेकंदांनंतर ‘क्लॅम्प लावा’ हे सांगावंच लागत नाही.

व्हिडिओ ठेवायचा कुठे

नाव नोंदवलं की व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक जाते, शिकवणीच्या आधी पाहून यायचं. पण खरा उपयोग नंतर होतो. महिन्याने परत आलेला माणूस फोकस कसा लावायचा ते विसरलेला असतो आणि विचारायला लाजतो. त्याच्यासाठी क्यूआर कोड यंत्रावर, डोळ्यांच्या उंचीला, लॅमिनेट करून लावा. एका यंत्रावर एकच कोड, तो त्या यंत्राच्या यादीवर नेतो. पत्र्याच्या छताखाली नेटवर्क नावालाच असतं, म्हणून सगळे व्हिडिओ एका जुन्या टॅबलेटमध्येही उतरवून ठेवले आहेत. तो भिंतीला अडकवलेला असतो आणि भुशापासून वाचवायला प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. दिसायला गबाळा, पण चालतो.

आणि मग हाताची परीक्षा

१९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम २३ मध्ये कोवळ्या वयाच्या कामगाराला धोकादायक यंत्रावर ठेवण्याची अट होती: त्याला धोक्यांची आणि खबरदारीची पूर्ण माहिती दिलेली हवी, आणि शिवाय त्या यंत्रावरचं पुरेसं प्रशिक्षण झालेलं हवं किंवा जाणकाराची देखरेख हवी. सामायिक कार्यशाळेत येणारा हौशी माणूस कामगार नसतो, पण ही विभागणी मला पटते. माहिती देणं हे एक काम आणि प्रशिक्षण हे दुसरं. पहिलं व्हिडिओ करतो. दुसरं त्याच्यावर सोडलंत तर सगळा खटाटोप फुकट.

परीक्षा अशी: शिकवणारा हाताची घडी घालून, लाल बटणापासून एका हाताच्या अंतरावर उभा राहतो आणि बोलत नाही. समोरचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत काम करतो. ड्रिलसाठी आम्ही बघतो ते एवढंच:

- विचारल्याबरोबर, न शोधता, लाल बटणावर हात गेला का
- जॉब व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने बांधला का, खाली लाकडाचा ठोकळा ठेवला का
- चकाची चावी जागेवर परत गेली का
- तक्ता बघून फेरे ठरवले का
- भोक आरपार होताना दाब सैल केला का
- कीस ब्रशने काढला का, आणि तोही यंत्र थांबल्यावर

धोका दिसला तरच शिकवणारा तोंड उघडतो किंवा बटण दाबतो. गप्प राहणं फार अवघड आहे, मला अजून जमत नाही. सगळं झालं तर रजिस्टरमध्ये नाव, यंत्र, तारीख, दोघांच्या सह्या. एखादी गोष्ट चुकली तर तो तुकडा पुन्हा पाहायचा आणि त्याच दिवशी परत करायचं. टेबल सॉला एवढ्याने भागत नाही. तिथे पहिले तीन वेळा कुणीतरी शेजारी उभं राहतंच.

व्हिडिओ शिळे होतात

प्रत्येक फाईलच्या नावात यंत्र, काम आणि महिना घाला, आणि प्रत्येक यंत्राला एक पालक नेमा. यंत्राचा भाग बदलला की व्हिडिओ बघून ‘अजून खरा आहे का’ हे त्याने सांगायचं. यंत्राशेजारच्या वह्या आम्ही काढलेल्या नाहीत. व्हिडिओ असूनही तोच प्रश्न वहीत परत परत आला तर व्हिडिओ बिघडला आहे असं समजतो. ‘बिट घट्ट झाला हे कळायचं कसं’ हा प्रश्न व्हिडिओनंतरही चार वेळा आला. पाहिलं तर काकांचा अंगठा नेमका चकाच्या आड होता.

गेल्या दिवाळीनंतर वायरिंग बदललं आणि लेझरच्या एक्झॉस्टचं बटण डाव्या भिंतीवरून दाराजवळ गेलं. दुसऱ्याच दिवशी एक सभासद व्हिडिओ लावून डाव्या भिंतीवर बटण शोधत उभा होता. सव्वीस मिनिटांचा जुना व्हिडिओ असता तर मी ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हटलं असतं. दोन मिनिटांचा पहिला तुकडाच बदलायचा होता. त्याच सभासदाच्या हातात ट्रायपॉड दिला, आणि शटर बंद करायच्या आत नवा तुकडा चढवून झाला.